लेकरू पहाटे चारला उठून बसतं: कारण कुठं शोधायचं? (वय ६ महिने ते २ वर्षं)

निंबोणी

गृहभेटींत आयांकडून येणारी एक नेहमीची तक्रार: "रात्री बरी झोपते, पण चार-साडेचारला टक्क डोळे उघडे. मग काही केल्या झोपत नाही." हा धागा तेवढ्यासाठीच. रात्रीतून पाच-सहा वेळा उठणाऱ्या लेकराचा विषय वेगळा आहे, तो इथे मिसळू नका.

आधी हिशेब करा. ४ ते १२ महिन्यांच्या लेकराला दिवस-रात्र मिळून १२ ते १६ तास झोप लागते, १ ते २ वर्षांच्या लेकराला ११ ते १४ तास. दिवसाची झोप यातच धरायची. म्हणजे रात्रीच्या वाट्याला साधारण १० ते ११ तास येतात. आपल्याकडे खेड्यात साडेसातला जेवणं आटोपून आठला दिवा बंद होतो. साडेसातला झोपलेलं लेकरू साडेपाचला हसतखेळत उठलं, तर त्याची रात्र पुरी झाली. त्याला पुन्हा झोपवायला तासभर पाळणा हलवत बसू नका, उठू द्या. पाचच्या आत उठतं, रडवेलं असतं, डोळे चोळतं आणि सात वाजायच्या आत पुन्हा पेंगतं, तेव्हाच काहीतरी बिघडलंय असं समजा. बाळ दिवसांआधी जन्मलं असेल, तर वय जन्मतारखेवरून नाही, डॉक्टरांनी बाळंतपणासाठी दिलेल्या तारखेवरून मोजा.

आता चारलाच का? लहान मुलाच्या झोपेचा एक फेरा ४५ मिनिटं ते तासाभराचा. प्रत्येक फेऱ्याच्या शेवटी ते अर्धवट जागं होतं. रात्री नऊ ते एक या वेळात दिवसभराचा थकवा साचलेला असतो, म्हणून ते कूस बदलून पुढच्या फेऱ्यात जातं. तीननंतर तो थकवा बराच उतरलेला असतो, झोप वरवरची असते, अंग दिवसभरातलं सगळ्यात गार असतं आणि शरीर उठायच्या तयारीला लागलेलं असतं. दहाला शेजारी भांडं पडलं तरी न हलणारं लेकरू चारला कडीच्या आवाजाने उठतं, ते यामुळे. म्हणून घरात एकच गोष्ट तपासायची: झोपलं तेव्हा खोलीत जे होतं, त्यातलं चारला काय बदललं? उजेड, हवा, आवाज, ओला लंगोट, थांबलेला झोका, शेजारून उठून गेलेली आई. यातलं काहीतरी एक हमखास सापडतं.

पळसफूल

वहिनीच्या लेकीचं वेळापत्रक लिहून आणलंय. वय ८ महिने, वजन ८ किलोच्या आसपास. पहाटे ४.१५ला उठते, तेव्हा अंगावर पाजून अंगणात नेतात. झोप ६ ते ७.३०, मग ११ ते १, मग ४.३० ते ५.३०. रात्री ८.३०ला पाळण्यात झोके देऊन झोपते. मध्ये ११ला एकदा दूध. यातलं आधी काय बदलायचं?

निंबोणी

@पळसफूल, असं लिहून आणलं की अर्धं काम होतं. बेरीज करा. रात्रीचे पावणेआठ तास, दिवसाचे साडेचार. एकूण सव्वाबारा. म्हणजे झोप अगदीच कमी नाही, पण ती दिवसाकडे सरकलीय. सहाची झोप ही खरं तर रात्रीचंच उरलेलं शेपूट आहे. ते तिला रोज मिळतं, म्हणून शरीर चारला उठणं सोडत नाही.

आधी ती सहाची झोप हलवा. दर दोन-तीन दिवसांनी १५ मिनिटं पुढे: ६.१५, ६.३०, असं करत सव्वाआठपर्यंत. एकदम ओढू नका, थकून चूर झालेलं लेकरू आणखी वाईट झोपतं. दिवसाची एकूण झोप तीन-सव्वातीन तासांवर आणा. शेवटची डुलकी अर्ध्या तासाची ठेवा आणि पावणेपाचपर्यंत उठवाच. बसलेली घडी अशी दिसावी: उठणं ५.४५, झोप ८.१५ ते ९.३०, मग १२.१५ ते १.४५, मग ४.१५ ते ४.४५, आणि रात्री ७.४५. दोन झोपांमध्ये अडीच ते तीन तास जागं राहणं या वयाला पेलतं. नऊ महिन्यांच्या आसपास ती संध्याकाळची डुलकी आपोआप गळून पडेल, तेव्हा रात्रीची वेळ अर्धा तास अलीकडे घ्या.

चारला अंगणात नेणं आजपासून बंद. पावणेसहाच्या आत दार उघडायचं नाही, बोलायचं नाही, दिवा लावायचा नाही. भूक असेल तर अंधारातच पाजा. उजेड, गाय, कोंबड्या, आजोबांची मांडी, हे सगळं चारला मिळालं की लेकराच्या लेखी दिवस उगवला.

धुरा

रात्री उशिरा झोपवलं की उशिरा उठतं, हे सगळ्यांना वाटतं. करून पाहिलं तर बहुतेक वेळा उलटं होतं. दहाला झोपलेलं लेकरूही साडेचारलाच उठतं, वर चिडचिड जास्त. उशीर करायचा तो फक्त दिवसाची झोप भरपूर होत असेल आणि पाळण्यात पाऊण तास डोळे टकटक उघडे राहत असतील तरच. तोही १५-१५ मिनिटांनी.

वाळ्याची_ताटी

कूलरचं काम करणाऱ्याच्या बाजूने लिहितो, कारण एप्रिल ते जूनमध्ये अर्धं उत्तर तिथंच आहे.

कोरड्या उन्हाळ्यात मोठा लोखंडी कूलर तासाला साधारण ८ ते १० लिटर पाणी पितो. टाकी ५०-६० लिटरची. रात्री नऊला काठोकाठ भरली, तरी तीन-चारच्या सुमारास तळ लागतो. पंप कोरडा घुरघुरतो, ताट्या वाळतात, हवा कोमट होते. आईला कळत नाही, लेकराला कळतं. उपाय दोन. नळ किंवा वरची टाकी जवळ असेल तर कूलरला बॉलकॉक बसवून घ्या, पाणी कमी झालं की आपोआप भरतं. नसेल तर रात्री अकराच्या दुधाच्या वेळी पुन्हा टाकी भरा. भरताना कूलर बंद करून प्लग काढायचा, दरवेळी.

दुसरी तऱ्हा याच्या उलटी. मेमध्ये बाहेरची हवा चारपर्यंत बरीच गार झालेली असते. झोपताना फुल स्पीडला लावलेला कूलर तेव्हा लेकराच्या ओल्या लंगोटावर सरळ मारा करतो. लेकरू गारठून उठतं. झोत भिंतीवर किंवा छताकडे वळवा, बाळ झोताच्या वाटेत नको. अकराच्या दुधानंतर स्पीड एकने कमी करा. हात-पाय गार लागले म्हणून घाबरू नका. मानेच्या मागे, पाठीवर बोटं लावून पाहा. घामेजलेलं असेल तर गरम होतंय, गार असेल तर थंडी वाजतेय.

आणि खिडकी. कूलर समोरची खिडकी किंवा दार थोडं उघडं असल्याशिवाय काम करत नाही, खोलीत दमटपणा कोंडतो. मृग लागला की पंप बंद, नुसता पंखा. दमट हवेत पाणी चालू ठेवलं की अंथरूण चिकट होतं, घामोळ्या येतात आणि लेकरू खाजेने उठतं.

हे न विचारताही सांगतो: लोखंडी कूलरला तीन पिनचा प्लग आणि चालू अर्थिंग हवंच. रांगणारं लेकरू कूलरच्या जाळीला धरून उभं राहतं. आणि आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी करून घासून वाळवा, नाहीतर डेंग्यूचे डास तिथंच होतात.

पळसफूल

खाली स्लॅब, मागच्या खोलीवर टिन. कुठं झोपवायचं?

वाळ्याची_ताटी

टिन दुपारी भट्टी, पण सूर्य गेल्यावर लवकर थंड होतं. स्लॅब दिवसभराची धग धरून ठेवतो आणि रात्रभर खाली सोडतो. उन्हाळ्यात रात्री टिनाची खोली बरी, दुपारी स्लॅबची. स्लॅबखालीच झोपवायचं असेल तर वरून चुना मारून घ्या आणि पाणी असेल त्या गावी संध्याकाळी सहाला गच्चीवर शिंपडा. अंगणात बाजेवर झोपणाऱ्यांनी मच्छरदाणी गादीखाली खोचा आणि हे मान्य करा की उघड्यावर झोपलेलं लेकरू उजाडलं की उठणारच.

धुरा

उजाडण्याचं गणित इथं वेगळं आहे, पुण्या-मुंबईच्या सल्ल्यांवर जाऊ नका. जूनच्या सुरुवातीला नागपूर-भंडारा भागात सूर्योदय साडेपाचच्या सुमारास होतो, मुंबईत सहाच्या सुमारास. त्याआधी वीस-पंचवीस मिनिटं उजेड फटफटतो. म्हणजे आपल्याकडे पाचला खोली उजळलेली असते. कवेलूच्या (कौलारू) घरात तर कवेलूंच्या फटीतून उजेडाची रेघ थेट अंथरुणावर येते. दुपारी खोलीत बसून दार लावा आणि रेघा कुठून येतात ते पाहा, तेवढ्याच बुजवा. पूर्वेच्या खिडकीला गडद रंगाचं जाड कापड, वरच्या बाजूने खिळे मारून, खाली मोकळं, म्हणजे हवा राहते. पाळण्यावर किंवा मच्छरदाणीवर चादर टाकून अंधार करू नका, आत हवा कोंडते.

जानेवारीत सूर्योदय पावणेसातच्या पुढे, तेव्हा हा प्रश्न नाही. तेव्हा प्रश्न थंडीचा. पारा उजाडायच्या सुमाराला सगळ्यात खाली जातो. लेकराला सुती झबलं, त्यावर लोकरीचं, पायात मोजे, आणि आईच्या अंगावर आहे त्यापेक्षा एखादाच थर जास्त. घरात टोपी काढा. तोंडापर्यंत जाड वाकळ नको. पेटती शेगडी बंद खोलीत कधीही ठेवू नका. तिच्या विषारी वायूला वास नसतो, झोपेतच माणसं जातात.

पऱ्हाटी

वेचणीच्या दिवसांचं कोणी लिहिलं नाही, म्हणून लिहितो. कापूस वेचायला माय सकाळी जाते, लेकरू आजीजवळ राहते. आजीला घरचं काम, म्हणून लेकरू झोळीत टाकलं की चार-चार तास झोपून राहते. आजीला बरं वाटते, अन् रात्री मायचे हाल. काहून उठते म्हणून मग सारे दृष्ट काढून राहिले. दिवसाच पाच-सहा तास झोपलं, तर रात्रीला उरतेच किती!

आजीला घड्याळाचं सांगू नका, कामाचं सांगा. बाराच्या जेवणाच्या वेळी लेकराला उठवायचंच. झोळीतून काढायचं, दार उघडायचं, तोंड पुसायचं, वरण-भात भरवायचा. दिवसाची झोप उजेडात, चार माणसांच्या आवाजात होऊ द्या, रात्रीची अंधारात. त्याच्यानं लेकराला दिवस-रात्र कळते. अन् माय संध्याकाळी आली की लेकरू तिला सोडत नाही. त्या वेळी एक तास फक्त तिच्याजवळ द्या, सैपाक दुसरं कोणी पाहा. दिवसभर माय दिसली नाही तर दुधाची कसर लेकरू पहाटे काढते, ते भुकेचं कमी अन् जवळ येण्याचं जास्त.

सातपुडा

बालरुग्ण विभागातलं काम असल्याने खाण्याबद्दल आणि आजाराबद्दल लिहिते.

सहा महिन्यांपर्यंत फक्त आईचं दूध. उन्हाळ्यातही वरून पाणी नाही, दुधात ते असतं. रात्री दोन-तीनदा पाजणं या वयात साहजिक आहे, ते तोडू नका. सहा महिन्यांनंतर दूध चालू ठेवून ६ ते ८ महिन्यांत दिवसातून २-३ वेळा खाणं, दोन-तीन चमच्यांपासून वाढवत अर्धी वाटी (वाटी २५० मि.ली.ची). ९ ते ११ महिन्यांत अर्धी वाटी ३-४ वेळा. वर्षानंतर पाऊण ते एक वाटी. मूगडाळीची खिचडी, वरण-भात, ज्वारीची भाकरी दुधात कुस्करून, अंडं, कुस्करलेलं केळ, वर चमचाभर तूप किंवा तेल. डाळीचं नुसतं पाणी पाजलं तर पोट भरल्यासारखं दिसतं आणि चारला खरंच भूक लागते. संध्याकाळचं खाणं झोपेच्या तासभर आधी.

चारचं दूध भुकेचं की सवयीचं? पाजल्यावर जोरात, भरपूर ओढत असेल तर भूक. दोन घोट घेऊन चघळत डुलकी घेत असेल तर सवय. वजन माता-बाल संरक्षण कार्डावर हिरव्या पट्ट्यात चढतं असेल आणि वय नऊ महिन्यांच्या पुढे असेल, तरच ते दूध दर दोन दिवसांनी १० मिनिटं पुढे ढकला. वजन अडलेलं असेल तर ढकलू नका, आधी वजनाचं पाहा.

बिबा

आमच्याकडे म्हाताऱ्या बाया सांगतात, जायफळ उगाळून चाटवा, लेकरू सकाळपर्यंत हलत नाही. थोडं दिलं तर काय होतं?

सातपुडा

@बिबा, देऊ नका. सहाणेवर किती वेढे घेतले यावरून लेकराच्या पोटात किती गेलं हे कळत नाही, आणि जास्त जायफळ विषारी आहे. "हलत नाही" हे झोपेचं लक्षण नाही, गुंगीचं आहे. अफू घातलेली गुटी, सर्दी-खोकल्याचं गुंगी आणणारं औषध, दारूचा थेंब, यांनी लहान मुलाचा श्वास मंदावतो. मध एक वर्षाच्या आत अजिबात नाही, त्यातून होणाऱ्या जंतुबाधेने लेकरू लुळं पडू शकतं. अशी गुंगी आलेली दिसली तर थांबू नका, १०८ला फोन.

आता पहाटे उठण्यामागचे आजार. लोह कमी असलेलं लेकरू अस्वस्थ झोपतं, पाय झाडतं. तळवे, पापणीची आतली बाजू फिकी दिसते का पाहा. लोहाचं सिरप ६ महिन्यांपासून ५ वर्षांपर्यंत आठवड्यातून दोनदा १ मि.ली., आशाताईंकडे मिळतं. ते नुसतं घरात पडून नको. पण घरात कुणाला सिकलसेल (रक्ताचा आनुवंशिक आजार) असेल तर डॉक्टरांना विचारूनच. आपल्या भागात, विशेषतः गडचिरोली-चंद्रपूरकडे, हे विसरायचं नाही. सहा महिने ते दोन वर्षांच्या लेकराच्या हाता-पायाचा पंजा किंवा बोटं सुजली, दाबलं की किंचाळतं, रात्री कळवळून उठतं, तर तपासणी करून घ्या. थंडीच्या पहाटे हे दुखणं वाढतं. सहा महिन्यांच्या आतल्या बाळात साधी चाचणी चुकीने नकारात्मक येऊ शकते, तेव्हा पुढच्या चाचणीचं विचारा.

वर्षावरच्या मुलाला गुदाजवळ खाज असेल तर जंत. १ ते २ वर्षांना जंताची अर्धी गोळी, २०० मि.ग्रॅ., चुरून पाण्यात. आडवं केलं की रडतं आणि उचललं की थांबतं, सोबत ताप, तर कान तपासा. रोज घोरतं, मध्ये श्वास थांबल्यासारखा वाटतो, तर मोबाइलवर दोन मिनिटं व्हिडिओ काढा आणि डॉक्टरांना दाखवा. सांगण्यापेक्षा त्यातून जास्त कळतं.

निंबोणी

झोक्याचं राहिलं. झोके देत पूर्ण झोपवलेलं लेकरू चारला अर्धवट जागं होतं, तेव्हा झोका थांबलेला असतो. त्याला झोप यायला तोच लागतो, म्हणून रडतं. आठवडाभरात सोडवता येतं. पहिले दोन दिवस झोके नेहमीसारखे, पण डोळे मिटायला लागले की थांबवायचे आणि हात छातीवर ठेवायचा. पुढचे दोन दिवस झोका अर्धा, थापटणं जास्त. मग पाळणा स्थिर ठेवून नुसतं थापटणं, एकाच सुरात गुणगुणणं. शेवटी सपाट अंथरुणावर, फक्त हात. रडलं तर उचला, शांत करा, पुन्हा ठेवा. हे रात्रीच्या पहिल्या झोपेला करा, पहाटे चारला नाही. चारला प्रयोग केले तर दोघंही जागे राहतात. आणि घरातले सगळे एकाच पद्धतीने वागले तरच होईल. आईने थापटायचं आणि आत्याने झोके द्यायचे, यात लेकरू गोंधळतं.

साडीची झोळी तर लेकरू पालथं पडायला लागलं की बंदच करा. हनुवटी छातीला टेकते, श्वास अडतो, कापड मानेला वेढतं. पाठीवर, सपाट, कडक अंथरुणावर, आणि राईची उशी बाजूला. आई-बापापैकी कुणी दारू प्यायलेलं असेल किंवा बिडी ओढत असेल, तर लेकरू त्यांच्या अंथरुणात नको.

लंगोट: रात्री कापडाचे दोन एकावर एक, आणि अकराच्या दुधाआधी बदला, नंतर नाही. नंतर बदललं की झोप उडते.

पळसफूल

सहाच्या झोपेला आजपासून हात लावतो. शेवटचं एक: घर मंदिराला लागून आहे, कार्तिकात काकड्याचा भोंगा चारलाच सुरू होतो. आणि लाइन गेली की पंखा थांबतो, तरी उठते.

वाळ्याची_ताटी

दोन्हीचं मूळ एकच, शांततेतला अचानक बदल. भोंग्याच्या आवाजावर एकसारखा घरघरता आवाज रात्रभर चालू राहिला तर काकडा त्यात बराच बुजतो. थंडीत पंख्याचा वारा नको, तर टेबलफॅन भिंतीकडे तोंड करून कमी स्पीडला लावा, वारा लागत नाही, आवाज मिळतो. मोबाइलवर पावसाचा आवाज लावायचा तर तो लेकरापासून सात फूट लांब, आणि आपण त्यावर हळू आवाजात बोललो तर ऐकू यावं इतकाच मोठा. झोपताना लावला तर सकाळपर्यंत चालू ठेवा. मध्येच आपोआप बंद होणारा लावला, तर तो बंद होणंच लेकराला उठवतं. लाइनसाठी छोटा इन्व्हर्टर आणि त्यावर एकच पंखा. बॅटरीत पाणी महिन्याने बघा, फक्त डिस्टिल्ड घाला. झोपायची खोली मंदिराच्या बाजूची असेल तर मधल्या भिंतीला धान्याची पोती लावा, कार्तिकात सोयाबीन घरात असतंच. पोत्यांची थप्पी पाळण्यापासून चार हात लांब आणि लेकराच्या उंचीपेक्षा वर जाऊ देऊ नका, चढायला लागलं की अंगावर येते.